शिट्टी सॅकमध्ये नको, गळ्यात हवी

डोंगरात वाट चुकल्याची शंका आली की पाय उगाच भरभर पडायला लागतात. तिथेच थांबा, बसा, घोटभर पाणी प्या. शेवटच्या ओळखीच्या खुणेपर्यंतची वाट नक्की आठवत असेल तरच मागे फिरा, नाहीतर जागा सोडू नका. ओढ्याच्या कडेने उतरायचा मोह तर टाळाच. पुढे कडा लागू शकतो.

शिट्टी गळ्यात अडकवा. सॅक घरंगळून दरीत गेली तर आतल्या शिट्टीचा उपयोग काय? ओरडून घसा लवकर बसतो, शिट्टी रात्रभर वाजवता येते. तीनदा वाजवायची, मिनिटभर कान द्यायचा, पुन्हा तीनदा. (काही सॅकच्या छातीपट्ट्याच्या बकलातच बारकी शिट्टी असते, बघून ठेवा.)

सोबत हेडलॅम्प, जादा सेल, लायटर आणि माणूस मावेल अशी जाड प्लास्टिकची पिशवी. रात्री पिशवीत शिरा, पण तोंड बाहेर ठेवा. बुडाखाली सुका पाला घालाच, कारण गार जमीन अंगातली ऊब ओढून घेते.

मोबाइलवरून आधी आपत्कालीन नंबर लावा. तुमच्या सिमला रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीच्या नेटवर्कवरून तो लागू शकतो. नाहीच लागला तर बॅटरी वाचवायला एअरप्लेन मोड.