जो-तो मधून बाहेर पडून हू, विच, दॅट कसं वापरायचं

आपल्याकडची पोरं इंग्लिश लिहिताना एक चूक सारखी करायलेत, मराठीतलं जो-तो जसंच्या तसं तिकडं नेतात, म्हणजे "जी बस लातूरला जाते ती लेट आहे" याचं "विच बस गोज टू लातूर, दॅट बस इज लेट" करून टाकतात. असं नाही करायचं. आधी मनात "लातूरला जाणारी बस लेट आहे" असं म्हणा, मग बस पहिली ठेवा अन् 'लातूरला जाणारी' हे तिच्या लगेच नंतर चिकटवा: "द बस दॅट गोज टू लातूर इज लेट." 'ती' परत म्हणायची गरजच नाही, ते काम दॅटनं केलेलं असतंय.

माणसाला हू, वस्तूला विच, दॅट दोन्हीला चालतंय. "द बुक दॅट आय बॉट" मधला दॅट काढला तरी चालतो कारण तिथं कर्ता आय आहे, पण बसच्या वाक्यात दॅटच कर्ता आहे, तो काढू नका.

आता कॉमा, हे नीट बघा बरं का. "माय ब्रदर हू लिव्ज इन परभणी इज अ टीचर" म्हणलं की भाऊ बरेच, त्यातला परभणीचा. ब्रदर नंतर अन् परभणी नंतर कॉमा टाकले की भाऊ एकच, परभणी नुसती जास्तीची माहिती. म्हणून गोदावरीला कॉमा लागतोच, नदी एकच आहे ना: "द गोदावरी, विच फ्लोज थ्रू नांदेड, स्टार्ट्स निअर त्र्यंबकेश्वर." अशा कॉमावाल्या वाक्यात दॅट घालायचा नाही, वस्तूला विचच अन् माणसाला हूच.