फुलपाखरांचे क्लोजअप काढताना या चुका टाळा

पाऊस ओसरला की आंबोलीत ओल्या रस्त्याकडेला ब्लू मॉरमॉन दिसू लागतात. २०१५ साली महाराष्ट्राने याला राज्य फुलपाखराचा मान दिला, आणि असं राज्य फुलपाखरू ठरवणारं महाराष्ट्र देशातलं पहिलं राज्य. ते निळंकाळं रूप समोरून गेलं की कॅमेरा हातात असलेला माणूस त्याच्यामागे धावतो. फोटो बिघडतो तो इथेच. लेन्स, सेटिंग या गोष्टी नंतरच्या.

फुलपाखराला बारीक तपशील फारसे दिसत नाहीत, हालचाल मात्र लगेच कळते. झपाझप टाकलेलं पाऊल, वर उचललेला हात, अंगावर पडलेली सावली, यातलं काहीही त्याला उडवायला पुरतं. म्हणून आधी सूर्य कुठे आहे ते बघा आणि तुमची सावली त्याच्यावर पडणार नाही अशा बाजूने जा. कॅमेरा तीन-चार मीटर लांब असतानाच डोळ्याला लावा. जवळ गेल्यावर तो वर उचलला की फुलपाखरू गेलंच समजा. खाली वाका, थोडं सरका, थांबा. पंखांची उघडझाप अचानक वाढली तर तिथेच थिजून राहा. उडालंच तरी पाठलाग नको. चिखलातले क्षार शोषायला बसलेले नर बऱ्याचदा फिरून त्याच जागी येतात, आणि खुळखुळ्याच्या वाळत्या झुडपावर तर ब्लू टायगर, स्ट्राइप्ड टायगर ही फुलपाखरं कितीतरी वेळ हलत नाहीत. माझे बरेचसे बरे फोटो अशा एकाच झुडपापाशी तासभर बसून मिळालेले आहेत.

वेळही महत्त्वाची. भर दुपारी फुलपाखरं चपळ असतात आणि ऊन कडक असतं. सकाळच्या पहिल्या उन्हात ती पंख पसरून अंग तापवतात, तेव्हा सर्वांत जास्त वेळ देतात.

फोटो धूसर आलाय? आधी कारण ओळखा

फोटो संगणकावर मोठा करून बघा. फुलपाखरू मऊ पण मागचं पान धारदार असेल, तर फोकस चुकलाय. सगळंच एका दिशेने ओढल्यासारखं दिसत असेल, तर हात हललाय. डोकं स्पष्ट आणि पंखांची टोकं विरघळलेली असतील, तर तुम्ही तिरके उभे होतात. ही तिसरी चूक सर्वांत जास्त होते आणि तिच्याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं.

फुल फ्रेम (जुन्या ३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर निम्म्या आकाराचं मॅग्निफिकेशन घेतलं, म्हणजे सेन्सरवरची प्रतिमा खऱ्या आकाराच्या निम्मी आली, तर एफ/२.८ ला (एफचा आकडा जितका मोठा, तितकं लेन्सचं छिद्र लहान) स्पष्ट दिसणारी खोली जेमतेम १ मिलिमीटर असते, एफ/८ ला ३ मिलिमीटरच्या आसपास. पंख जरासा तिरका असला तरी या पट्टीत मावत नाही. उपाय फुकटचा आहे: पंख मिटलेले असतील तर बरोबर बाजूने, पसरलेले असतील तर बरोबर वरून, म्हणजे लेन्ससमोर पंख भिंतीसारखा सपाट येईल असे सरका. समोरून चेहराच हवा असेल तर पंखांचा नाद सोडा आणि फोकस डोळ्यावर धरा. एफ/८ ते एफ/११ पुरेसं आहे. एफ/२२ पर्यंत गेलात तर डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे बारीक छिद्रातून प्रकाश पसरल्यामुळे, सगळं चित्रच मऊ पडतं.

शटरचा वेग जातीनुसार ठरवा. बसलेल्या फुलपाखराला १/३२० सेकंद पुरतो. ब्लू मॉरमॉन मात्र फुलावर मध पितानाही पंख फडफडवत राहतं, त्याला १/१००० किंवा त्याहून जास्त द्या. आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) वाढेल, वाढू द्या. दाणेदार फोटो सुधारता येतो, हललेला नाही.

पांढरी-पिवळी फुलपाखरं गर्द सावलीसमोर असली की कॅमेरा फसतो आणि पंखांवरचे खवले, शिरा पांढऱ्या डागात हरवतात. तिथे एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप खाली घ्या (एक स्टॉप खाली म्हणजे प्रकाश निम्मा). फ्लॅश लावलाच तर डिफ्यूजरमधून, म्हणजे प्रकाश पसरवून सौम्य करणाऱ्या पडद्यातून.

ही चूक मात्र माफ नाही

फुलपाखरू हलू नये म्हणून ते फ्रीजमध्ये गार करून फांदीवर ठेवणं, पंख चिमटीत धरून फुलावर बसवणं, कोष तोडून उजेडात आणणं, असे प्रकार मी पाहिले आहेत. बोटांना लागते ती भुकटी म्हणजे त्याच्या पंखांचे खवले, आणि गळलेले खवले पुन्हा येत नाहीत. काही जाती वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूचींमध्ये आहेत, त्यांना पकडणं गुन्हा आहे. चांगल्या कोनासाठी झाडोरा मोडू नका. ज्या रुईची फांदी तुम्ही बाजूला काढाल, तिच्याच पानामागे प्लेन टायगर फुलपाखराची अळी असू शकते. आड येणारी काडी हाताने हलकेच वाकवून धरा आणि फोटो झाला की सोडून द्या. मात्र त्याआधी फांदीखाली नीट बघा, आंबोलीच्या झुडपांत विषारी चापडा साप शांत बसलेले असतात.

मोबाइल वापरणाऱ्यांसाठी एकच सूचना. मॅक्रो मोडमध्ये फोन फुलपाखराच्या दोन-तीन सेंटिमीटरवर न्यावा लागतो, आणि तेवढं जवळ ते येऊ देत नाही. त्याऐवजी टेलिफोटो लेन्स, २एक्स किंवा ३एक्स, निवडा आणि हातभर लांबून टिपा.