कन्सोल प्रोग्रॅममधून सिस्टिम कमांड चालवताय? या चुका टाळा

मेनू दाखवणारा छोटासा प्रोग्रॅम. 1 दाबलं की फाइल्सची यादी, 2 दाबलं की बॅकअप, 3 दाबलं की पिंग (दुसरं मशीन उत्तर देतं का ते पाहणारी कमांड). आत सिस्टिम फंक्शनला एक ओळ दिली की काम झालं. सी किंवा पायथन शिकताना असा प्रोग्रॅम बरेच जण लिहितात आणि पहिल्या दिवशी तो छान चालतो. मग एखाद्या फाइलच्या नावात स्पेस येते, किंवा कमांड फसते आणि प्रोग्रॅमला त्याचा पत्ताच लागत नाही.

या गोंधळाचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं. सिस्टिम फंक्शन तुमची कमांड स्वतः चालवत नाही. ते एक नवी प्रोसेस सुरू करतं, तिच्यात शेल (टाइप केलेल्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम) उघडतं आणि तुमची ओळ त्या शेलच्या हवाली करतं. लिनक्स आणि मॅकवर हा शेल म्हणजे एसएच, विंडोजवर सीएमडी. म्हणजे तुमचा प्रोग्रॅम आणि ती कमांड यांच्यामध्ये एक दुभाषी बसलेला आहे, आणि तो तुमची ओळ स्वतःच्या नियमांनी वाचतो. खालच्या बहुतेक चुका तो तिथे आहे हे विसरल्यामुळे होतात.

सीडी चालवलं, पण फोल्डर बदललाच नाही

नव्याने शिकणाऱ्यांचा हा नेहमीचा प्रश्न. एका ओळीत सिस्टिमला सीडी (फोल्डर बदलण्याची कमांड) दिलं, पुढच्या ओळीत यादी मागितली, तर यादी जुन्याच फोल्डरची आली. फोल्डर बदलला होता, पण तो त्या शेलचा. ओळ संपली, शेल संपला आणि त्याच्यासोबत तो बदलही गेला. तुमचा प्रोग्रॅम होता तिथेच उभा आहे. एक्स्पोर्ट किंवा सेट वापरून एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोसेसला मिळणारी नावासकट सेटिंग) बदलण्याचंही असंच होतं. फोल्डर बदलायचा असेल तर सीएचडिर फंक्शन वापरा. ते पायथनच्या ओएस मॉड्यूलमध्येही आहे. एकाच कमांडपुरता बदल हवा असेल तर सीडी आणि ती कमांड && ने जोडून एकाच ओळीत द्या.

एक्झिट कोड न पाहणं, आणि चुकीचा पाहणं

मी लिहिलेला एक बॅकअप प्रोग्रॅम कितीतरी दिवस इमानेइतबारे 'बॅकअप पूर्ण' असं छापत होता. कॉपीची कमांड मात्र डिस्क भरल्यामुळे रोज फसत होती. तो संदेश मी कमांडच्या पुढच्या ओळीत बिनशर्त छापला होता. तेव्हापासून कुणाच्याही कोडमध्ये सिस्टिम फंक्शन दिसलं की मी आधी पाहते ते त्याच्या परत येणाऱ्या किमतीचं काय केलं आहे.

ती किंमत वाचतानाही एक खड्डा आहे. युनिक्स घराण्यातल्या सिस्टिम्सवर परत येतो तो थेट एक्झिट कोड (कमांड संपताना देते तो आकडा) नसतो, तर प्रोसेस कशी संपली याची एकत्र बांधलेली माहिती असते. कमांड 1 देऊन संपली तर तुम्हाला 256 दिसतं. कमांड सापडलीच नाही तर एक्झिट कोड असतो 127, आणि तुम्हाला दिसतं 32512, म्हणजे 127 गुणिले 256. हा आकडा दिसला की कमांडच्या नावाचं स्पेलिंग आणि पाथ तपासा. फाइल सापडली पण चालवण्याची परवानगी नसेल तर एक्झिट कोड 126 असतो. सीमध्ये खरा कोड काढायला डब्ल्यूएक्झिटस्टेटस हा मॅक्रो आहे. पायथनच्या ओएस सिस्टिमचंही लिनक्सवर असंच आहे, विंडोजवर मात्र थेट कोड मिळतो.

सगळ्यात घातक प्रकार असा: सिस्टिमकडून आलेला आकडा जसाच्या तसा मेन फंक्शनमधून रिटर्न करणं. प्रोसेसच्या एक्झिट कोडचे फक्त खालचे 8 बिट बाहेर पोचतात. 256 चे खालचे 8 बिट म्हणजे शून्य, आणि शून्य म्हणजे सगळं ठीक! आतली कमांड फसलेली, बाहेरच्या जगाला मात्र यश दिसतंय.

पाइप (एका कमांडचं आउटपुट थेट दुसरीला देणं) वापरत असाल तर आणखी एक लक्षात घ्या. शेल डीफॉल्टनुसार पाइपमधल्या शेवटच्या कमांडचा कोड परत देतो. डेटाबेसचा डंप (सगळ्या डेटाची प्रत) काढून तो दाबून छोटा करणाऱ्या जीझिपकडे पाठवला आणि डंप मध्येच तुटला, तरी जीझिप खूश असतो, म्हणून उत्तर शून्य येतं. डंप आधी फाइलमध्ये घ्या, कोड तपासा, मगच दाबून छोटा करा.

वापरकर्त्याने दिलेला मजकूर थेट ओळीत जोडणं

इथे थोडं थांबायला हवं, कारण ही चूक फक्त प्रोग्रॅम बिघडवत नाही, मशीन धोक्यात घालते.

समजा तुम्ही फाइलचं नाव विचारता आणि ते कमांडच्या शेवटी जोडून सिस्टिमला देता. नावात स्पेस असली तर शेल त्याचे दोन तुकडे करतो आणि 'अशी फाइल नाही' असं उत्तर येतं. डिलीट करणाऱ्या कमांडमध्ये त्यातला एखादा तुकडा दुसऱ्याच खऱ्या फाइलचं नाव निघू शकतो. यावर बहुतेक जण नावाभोवती डबल कोट लावतात. स्पेसचा प्रश्न सुटतो, पण खरा प्रश्न तसाच राहतो. एसएचसाठी डबल कोटच्या आतही डॉलर आणि बॅकटिक जिवंत असतात. नावातच एक डबल कोट आणि त्यापुढे सेमीकोलन आलं, तर पुढचा मजकूर स्वतंत्र कमांड म्हणून चालतो. समोरच्याने नाव म्हणून काय टाइप करावं यावर तुमचा ताबा नाही.

अमुक चिन्हं गाळून टाकू, हा उपाय मला कधीच पटला नाही. यादीत एखादं चिन्ह राहून जातंच, आणि सीएमडीची चिन्हं एसएचपेक्षा वेगळी असतात. त्यापेक्षा दुभाष्यालाच वाटेतून काढा. पायथनमध्ये सबप्रोसेस मॉड्यूलचं रन फंक्शन वापरा आणि कमांड एका ओळीत न देता यादी म्हणून द्या: पहिला घटक कमांडचं नाव, पुढचे घटक एकेक आर्ग्युमेंट. यात शेल येतच नाही, त्यामुळे स्पेस, कोट, सेमीकोलन ही सगळी साधी अक्षरं ठरतात. यादी दिली आणि सोबत शेल=ट्रू लिहिलं तर हा फायदा गेलाच. सीमध्ये हेच काम फोर्क आणि एक्झेक घराण्यातल्या फंक्शन्सनी होतं, जावामध्ये प्रोसेसबिल्डरने. फाइलचं नाव डॅशने सुरू होत असेल तर कमांड त्याला पर्याय समजते. म्हणून नावाआधी -- हे वेगळं आर्ग्युमेंट द्या. बहुतेक युनिक्स कमांड्स त्याचा अर्थ जाणतात.

ओळ ठरलेली असली तरी शेल उघडण्याची जोखीम उरतेच. 2014 मध्ये उघड झालेल्या शेलशॉक त्रुटीत बॅश हा शेल सुरू होतानाच एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये लपवलेली कमांड चालवत होता. जास्तीच्या अधिकारांनी चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये सिस्टिम फंक्शन वापरूच नका.

विंडोजवाल्यांसाठी दोन गोष्टी. पाथमधला बॅकस्लॅश स्ट्रिंगमध्ये दोनदा लिहा, नाहीतर टेम्पच्या आधीचा बॅकस्लॅश आणि टी मिळून टॅब होतो. आणि प्रोग्रॅमचा पाथ व फाइलचा पाथ दोन्ही कोटमध्ये असतील तर सीएमडी पहिला आणि शेवटचा कोट काढून टाकतो. अशा वेळी संपूर्ण ओळीभोवती आणखी एक कोटची जोडी लागते. विचित्र दिसतं, पण चालतं.

टर्मिनलमध्ये चालतं, प्रोग्रॅममधून नाही

टर्मिनलमध्ये तुम्ही बॅश किंवा झेडएसएच वापरत असता, सिस्टिम मात्र एसएच उघडतं. उबुंटूवर 6.10 आवृत्तीपासून, म्हणजे 2006 पासून, एसएच म्हणजे डॅश नावाचा शेल. त्याला दुहेरी चौकोनी कंस किंवा सोर्स ही कमांड कळत नाही. तुमचे एलियसही (कमांडना तुम्ही दिलेली छोटी नावं) तिथे नसतात.

उलट बाजूही आहे. विंडोजवर डिर, कॉपी, सीएलएस या वेगळ्या फाइल्स नाहीत, त्या सीएमडीच्या पोटातल्या कमांड्स आहेत. शेलशिवाय चालवायला गेलात तर 'फाइल सापडली नाही' असं उत्तर मिळणार.

पिंगचा मेनू लिहिणाऱ्यांसाठी: विंडोजवर पिंग 4 वेळा करून थांबतो, लिनक्सवर आपण होऊन थांबत नाही. संख्या नेहमी स्वतः द्या. आणि आपल्या प्रोग्रॅमला पिंग हेच नाव देऊ नका. सीएमडी आधी चालू फोल्डरमध्ये शोधतो, त्याला तुमचाच प्रोग्रॅम सापडतो, तो पुन्हा स्वतःला बोलावतो, आणि मशीन बसून जातं.

आउटपुट उलटसुलट येतं

'यादी खालीलप्रमाणे' असं आधी छापलं, पण फाइलमध्ये ते यादीच्या नंतर आलं. आउटपुट फाइलकडे किंवा पाइपकडे जात असेल तर तुमचा मजकूर बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, थांबतो; कमांड ही वेगळी प्रोसेस असल्याने ती पुढे निघून जाते. सिस्टिमच्या आधी एफफ्लश करून बफर रिकामा करा.

प्रोग्रॅम अडकून पडतो

कमांड पासवर्ड किंवा हो-नाही विचारत बसली आहे का, हे आधी पाहा. आउटपुट पकडलेलं असेल तर तो प्रश्न तुम्हाला दिसतही नाही. दुसरं कारण पाइप भरणं. लिनक्सवर पाइपची क्षमता डीफॉल्टनुसार 65536 बाइट्स असते. तुम्ही न वाचता नुसती वाट पाहत बसलात तर कमांड लिहायला जागा मिळण्याची वाट पाहते आणि तुम्ही ती संपण्याची. पायथनमध्ये सबप्रोसेसच्या पोपेनने कमांड सुरू केल्यानंतर वेटऐवजी कम्युनिकेट वापरा, आणि टाइमआउट द्या.

50 फाइल्सवर लूप चालू असताना कंट्रोल-सी दाबलं तरी प्रोग्रॅम थांबत नाही, यामागेही कारण आहे. कमांड चालू असेपर्यंत सिस्टिम फंक्शन तुमच्या प्रोग्रॅमसाठी कंट्रोल-सीचा थांबण्याचा सिग्नल दुर्लक्षित करतं. मरते फक्त चालू कमांड, लूप पुढच्या फाइलकडे वळतो. कमांड सिग्नलने संपली किंवा एक्झिट कोड 130 आला तर लूप स्वतः तोडा.

एवढं करूनही अडलंच, तर सिस्टिमला देण्याआधी ती ओळ चौकोनी कंसात छापा. शेवटी चिकटलेली नवी ओळ, गायब झालेला बॅकस्लॅश, अर्धवट कोट लगेच डोळ्यात भरतात. मग तीच ओळ टर्मिनलमध्ये एसएच उघडून तिथे चिकटवा. तिथेही फसली तर चूक ओळीत आहे. तिथे चालली तर चालू फोल्डर, पाथ आणि एन्व्हायर्नमेंट यांत शोधा.