परदेशातून आयरिस मागवताय? विदर्भात या चुका टाळा

आयरिस या फुलझाडाचे कंद बाहेरून मागवणारे आता खेड्यातही भेटतात. कुणाचा मुलगा मेलबर्नला, कुणाची भाची अमेरिकेत. फोटोतलं फूल पाहून जीव लागतो, कंद येतो आणि दोन महिन्यांत मरतो. देखभालीत कसूर झालेली नसते, वेळ चुकलेली असते. पाठवणारा त्याच्या ऋतूप्रमाणे कंद काढतो आणि आपण हाती आला की लगेच मातीत घालतो. आपल्याकडे बिअर्डेड आयरिस (ज्याच्या पाकळीवर दाढीसारखे केस असतात तो प्रकार) जमिनीत लावायची खरी वेळ एकच, पाऊस ओसरल्यावर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. बाकीचं सगळं या महिन्याला धरून ठरवा.

अमेरिकेचा कंद भर पावसात लावणे

तिकडे फुलोरा संपला की जुलै-ऑगस्टमध्ये कंद काढून पाठवतात. त्यांची ती लावणीची वेळ. आपल्याकडे तेव्हा झड लागलेली असते आणि काळ्या भारी जमिनीत पाणी उभं असतं. म्हणून ऑर्डर देतानाच सप्टेंबरच्या शेवटी पाठवायला सांगा. आधीच आला तर घाबरू नका. आल्यासारखा हा कंदही काही आठवडे कोरडा टिकतो. पाती वीतभर ठेवून छाटा आणि ओसरीत, हवेशीर जागी टोपलीत पसरून ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत मात्र ठेवू नका, आत घाम धरतो.

ऑस्ट्रेलियाचा कंद जानेवारीत वाफ्यात लावणे

ही चूक जास्त फसवी, कारण जानेवारीत आपली हवा छान असते. पण या कंदाचं वर्ष उलटं चाललेलं असतं. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये तो ऑक्टोबर-नोव्हेंबरला फुलतो आणि डिसेंबर ते फेब्रुवारीत, म्हणजे त्यांच्या उन्हाळ्यात, काढला जातो. पुढे त्याला गार दिवस हवे असतात, आणि आपण त्याला थेट एप्रिल-मे दाखवतो. मुळं जेमतेम धरलेली आणि वर 45 अंशांचं ऊन.

असा कंद कुंडीत लावा. मुरूम, जाड रेती आणि थोडं मुरलेलं शेणखत, बस. सकाळचं ऊन द्या, मार्चपासून हिरव्या जाळीखाली न्या, मृगाचा पाऊस लागला की वळचणीखाली सरकवा. ऑक्टोबरात मग जमिनीत. पहिल्या वर्षी फूल येईलच असं धरू नका. ऋतू जुळवून घ्यायला झाडाला एक-दोन हंगाम लागतात.

बॅगेत टाकून आणणे

"येताना चार कंद घेऊन ये" असं मुलाला सांगू नका. भारतात लागवडीचा कंद आणायला आधी आयात परवाना घ्यावा लागतो आणि पाठवणाऱ्या देशाचं वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र सोबत लागतं. कंदाला मातीचा कणही चालत नाही. हे नियम मला योग्य वाटतात. मातीतून आलेला एखादा रोग आपल्या हळदीत शिरला तर काय, याचा विचार करा.

कुजका कंद फेकून देणे किंवा तसाच लावणे

पार्सल उघडल्यावर प्रत्येक कंद अंगठ्याने दाबून बघा. कडक असेल तर उत्तम. मऊ लागला आणि घाण वास आला तर ती जिवाणूंची कूज, पण बरेचदा कंद वाचतो. जुन्या चमच्याने सगळा लिबलिबीत भाग खरवडा, पांढरा टणक गर लागेपर्यंत थांबू नका. एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी यात थोडा वेळ बुडवा, मग जखम वर करून एक-दोन दिवस कोवळ्या उन्हात सुकवा. चमचा आणि चाकूही त्याच पाण्यात धुवा, नाहीतर कूज पुढच्या कंदाला लागते.

लावताना वीतभर उंच गादीवाफा करा. थंड देशांत कंदाची पाठ उघडी ठेवतात, आपल्या उन्हात ती भाजते, म्हणून वर बोटभर माती असू द्या. युरियाच्या वाटेला जाऊ नका. पाती माजतात आणि कूज वाढते.

जातच चुकीची निवडणे

बिअर्डेड आयरिसला फुलायला चांगली थंडी लागते. आपल्याकडे रात्रीचा पारा 10 अंशांच्या आसपास फार दिवस टिकत नाही, त्यामुळे त्याचं फूल बेभरवशाचं. मला विचाराल तर पहिल्यांदा लुइझियाना आयरिस मागवा. मूळचा अमेरिकेच्या दमट, उष्ण दक्षिण भागातला, आणि ऑस्ट्रेलियातही भरपूर लावतात. याचे नियम मात्र उलटे. कंद सुकू द्यायचा नाही, ओलसर शेवाळात गुंडाळून पाठवायला सांगा. आपली काळी माती चुनखडीची असते, तिच्यात याची पानं पिवळी पडतात. म्हणून मोठ्या टबात पालापाचोळ्याचं कुजलेलं खत आणि शेणखत भरून त्यात लावा आणि टब पाण्याच्या टाक्याजवळ ठेवा. बोटभर पाणी उभं राहिलं तरी याचं बिघडत नाही. कोरडा पडला तर पाती शेंड्याकडून वाळतात, तेव्हा मे महिन्यात लग्नाला गावी जाताना शेजाऱ्यांना पाणी घालायला सांगून जा.