सोलापुरात रात्री दहानंतर जेवायचे कुठे, हे कसे ठरवावे

नवी पेठ आणि टिळक चौक परिसरातील दुकानांची शटर रात्री दहाच्या आतबाहेर खाली येतात, आणि परगावाहून आलेला माणूस तेवढ्यावरून सोलापूर झोपले असे समजून बिस्किटाच्या पुड्यावर रात्र काढतो. वास्तविक या शहरात रात्रीचे जेवण मिळते आणि चांगलेही मिळते, फक्त ते दिवसा जिथे मिळते तिथेच मिळेल अशी अपेक्षा ठेवून चालत नाही. रात्रीच्या वेळी ‘इथले प्रसिद्ध हॉटेल कोणते’ या प्रश्नाला फारसा अर्थ नसतो, कारण प्रसिद्धी दुपारच्या पंगतींवर मिळवलेली असते. त्याऐवजी या घटकेला शहरात जागे कोण आहे आणि ते कुठे जेवते, हे आधी शोधावे.

जागी असणारी माणसे ठरलेली आहेत. रेल्वे स्थानक आणि एसटी स्टँडवरचे प्रवासी व रिक्षाचालक, सिव्हिल हॉस्पिटलमधील रुग्णांचे नातेवाईक, पूर्व भागात यंत्रमागांवर रात्रपाळी करणारे कामगार, पुणे, हैदराबाद, विजापूर आणि तुळजापूर या रस्त्यांवरचे वाहनचालक, आणि पार्क चौक ते सात रस्ता या पट्ट्यात जेवणानंतर किंवा जेवणासाठीच फिरायला निघालेली कुटुंबे. यांपैकी शेवटचा वर्ग साधारण अकरापर्यंतच रस्त्यावर असतो. पार्क स्टेडियमच्या आसपासची चौपाटी म्हणूनच दहाला गजबजलेली दिसते आणि तासाभरात ओस पडू लागते. तिथे भेळ, पावभाजी, डोसा खायचा असेल तर साडेदहाच्या आत पोहोचावे, त्यानंतर गाडीवाल्याचे निम्मे लक्ष आवराआवरीत असते.

स्थानक परिसरात जेवणाची वेळ गाड्या ठरवतात. पुण्याहून येणारी हुतात्मा एक्सप्रेस रात्री दहाच्या सुमारास पोहोचते, फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झालेली मुंबई–सोलापूर वंदे भारत पावणेअकराच्या आसपास येते, आणि जवळपास त्याच वेळी सिद्धेश्वर एक्सप्रेस मुंबईकडे निघते. म्हणजे साडेनऊ ते सव्वाअकरा या वेळेत इथे गिऱ्हाईक भरपूर असते, तव्याला उसंत नसते आणि भांड्यात काही शिळे राहण्याची शक्यता कमी असते. गाडी निघून गेल्यावर मात्र जे उरते ते पुढच्या गिऱ्हाइकाच्या ताटात येते. स्थानकाच्या अगदी दारातल्या हॉटेलांबाबत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: तिथे जेवणारा बहुतेक माणूस पुन्हा कधी येणार नसतो आणि मालकालाही ते ठाऊक असते. पाच-सात मिनिटे चालून जिथे रिक्षाचालक, हमाल आणि लॉजमधील कर्मचारी जेवतात तिथे जावे. ही मंडळी रोजची असल्यामुळे त्यांना फसवून हॉटेल चालत नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो, कारण ‘पोलीस बंद करायला लावतात’ हे वाक्य प्रत्येक शहरात ऐकू येते. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ नुसार हॉटेले चोवीस तास उघडी ठेवता येतात, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्य शासनाने हे पुन्हा एकदा स्पष्ट केले. मात्र मद्य पुरवणाऱ्या आस्थापनांना ही मुभा नाही. याचा व्यवहारातला अर्थ असा की, परमिट रूम असलेल्या हॉटेलचे स्वयंपाकघर मद्याची वेळ संपण्याच्या आधीच आवरायला घेतले जाते, आणि केवळ जेवणासाठी गेलेल्या माणसाला ‘जे आहे ते’ मिळते. उशिरा जेवायचे असेल तर निव्वळ खाण्याचे हॉटेल निवडावे. अर्थात कायद्याने मुभा असली तरी प्रत्येक मालकाला रात्रभर माणसे ठेवणे परवडत नाही, त्यामुळे उघडे असेलच असे गृहीत धरू नये.

मोबाइलचा उपयोग करावा, पण मर्यादित. गुगल मॅप्सवर ‘आत्ता चालू’ दाखवणारी वेळ अनेकदा मालकाने हॉटेल सुरू करताना एकदाच भरलेली असते. तारांकनापेक्षा अगदी अलीकडचे अभिप्राय आधी वाचावेत, आणि त्यांतही कोणी रात्री काढलेली छायाचित्रे टाकली आहेत का ते पाहावे. स्विगी-झोमॅटोवर रात्री ऑर्डर घेणाऱ्या हॉटेलांची यादी अधिक विश्वासार्ह असते, कारण स्वयंपाकघर बंद असूनही ऑर्डर घेतली तर तोटा हॉटेलचाच होतो. ती यादी पाहून हॉटेल निवडावे, पण शक्य असेल तर जेवायला स्वतः जावे. निघण्यापूर्वी फोन करताना प्रश्न नीट विचारणे महत्त्वाचे आहे. ‘हॉटेल चालू आहे का?’ असे विचारले तर गल्ल्यावरचा माणूस हो म्हणणारच, कारण शटर वर असते. ‘मालक, भट्टी चालू आहे का, आणि आत्ता काय काय मिळेल?’ असे विचारावे. उत्तर देण्यापूर्वी त्याने आत हाक मारून आचाऱ्याला विचारले तर ते उत्तर खरे समजावे.

या उत्तरातूनच हॉटेलची निम्मी परीक्षा होते. रात्री साडेअकरालाही कार्डावरचे सर्व पदार्थ ‘मिळतील’ असे सांगणाऱ्या हॉटेलवर माझा विश्वास बसत नाही. सोलापुरात सावजी पद्धतीचे मटण करणारी हॉटेले पुष्कळ आहेत, आणि त्यांतल्या चांगल्या हॉटेलात रात्री अकराला ‘सुक्कं संपलं, रस्सा आहे, अंडी आहेत’ असे स्पष्ट सांगतात. पदार्थ संपणे याचा अर्थ तो त्याच दिवशी, बेताने केलेला होता. न संपणारे मटण फ्रीजमधून येते.

हॉटेलात शिरल्यावर लगेच बसू नये. हात धुण्याच्या निमित्ताने आत जावे, कारण बेसिनकडे जाताना बहुतेक ठिकाणी स्वयंपाकघर दिसते. रश्शाचे पातेले मंद आचेवर रटरटत आहे की ओट्यावर झाकून ठेवलेले आहे, हे पाहावे. शिजलेले अन्न साठ अंशांच्या वर गरम किंवा पाच अंशांच्या खाली थंड राहायला हवे, असा अन्नसुरक्षेचा साधा नियम आहे. मधल्या तापमानात, तेही सोलापूरच्या उन्हाळ्यात जेव्हा रात्रीही भिंती तापलेल्या असतात, तासन्‌तास ठेवलेला रस्सा ऐनवेळी उकळी आणून वाढला तरी तो सुरक्षित होईलच असे नाही. भाताच्या बाबतीत हे अधिक लागू आहे. दुपारचा भात रात्री फोडणी देऊन पुलाव म्हणून येतो, म्हणून रात्री उशिरा भात टाळलेला बरा. बिर्याणी हवीच असेल तर नवी हंडी कधी उघडली ते विचारावे.

भाकरीबाबत मात्र सोलापूरकर सुदैवी आहेत. गरम भाकरी थापणाऱ्या बाईंची वेळ अनेक ठिकाणी दहा-साडेदहाला संपते, त्यानंतर मिळते ती टोपलीत दडपून ठेवलेली, वाफेने ओलसर झालेली भाकरी. तेव्हा ‘भाकरी गरम आहे का?’ असे विचारण्याऐवजी सरळ ‘कडक आहे का?’ असे विचारावे. ज्वारीची पातळ कडक भाकरी हा मुळात टिकण्यासाठीच केलेला पदार्थ आहे. ती पाण्याचा अंश न ठेवता वाळवलेली असते, हातात घेतली की पापडासारखी मोडते, आणि ती दोन दिवसांपूर्वीची असली तरी बिघडलेली नसते. तिच्यावर रस्सा ओतून दोन मिनिटे थांबले की कडा कुरकुरीत आणि मध्य मऊ अशी स्थिती येते, तेव्हा खावी. सोबत शेंगदाण्याची चटणी, कांदा आणि लिंबू असले की मध्यरात्रीचे जेवण निर्धोकही होते आणि सोलापूरचेही होते. या चटणीतही पाणी नसते. याउलट डोशाबरोबरची ओल्या खोबऱ्याची चटणी रात्री, विशेषतः मार्च ते जूनमध्ये, आधी वास घेऊन मगच तोंडाला लावावी.

गाडीवर खायचे असेल तर नजर कढईकडे असावी. इथे ‘डिस्को भजी’ या नावाने भजी विकणारी गाडी ओळखायला सोपी असते. पण तेल काळपट, घट्ट झाले असेल, भजी सोडताच कढईभर फेस येऊन तो लवकर बसत नसेल किंवा आच मोठी नसतानाही धूर निघत असेल, तर ते तेल दिवसभर चालवलेले आहे असे समजून पुढे जावे. त्या मानाने ऑम्लेट-पाव, अंडा-बुर्जी, डोसा हे पदार्थ डोळ्यांसमोर तयार होतात आणि त्यांत लपवायला फार जागा नसते. वर्तमानपत्रात गुंडाळून दिले तर ताटली मागावी. छपाईची शाई अन्नात उतरते म्हणून अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा वापराविरुद्ध पूर्वीच सूचना दिलेल्या आहेत.

विजापूर वेस परिसर एरवीही रात्री लवकर शांत होत नाही, परंतु रमजानच्या महिन्यात तिथला मीना बाजार रात्रभराचा असतो आणि कबाब, बिर्याणी, खीर, फालुदा यांसाठी सर्व धर्मांचे सोलापूरकर तिथे जातात. गर्दी इतकी असते की दुचाकी लांब लावून चालत जाणेच सोयीचे. जानेवारीत संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांच्या यात्रेत होम मैदानावर गड्डा, म्हणजे जत्रेचा बाजार, भरतो, तेव्हाही रात्री खाण्याची चैन असते. पूर्व भागाचे तसे नाही. तिथे उत्सवाची वाट पाहावी लागत नाही, कारण माग चालू असतात तोवर चहा आणि खाणेही चालू असते. तेलुगू भाषक पद्मशाली समाजाच्या या वस्तीत अशोक चौक, कन्ना चौक या भागांत हिंडताना इडली-वड्याची गाडी दिसली की ‘अण्णा, घाणा आत्ताचा आहे का?’ एवढे विचारावे. इडलीपात्रातून वाफ येताना दिसली तर विचारण्याचीही गरज नाही.

महामार्गावरील ढाब्यांविषयी ‘जिथे ट्रक उभे, तिथे जेवण चांगले’ असे सर्रास सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे, कारण ट्रकचालक प्रशस्त जागा, अंघोळीचे पाणी आणि बाज यांसाठीही थांबतात. ट्रकबरोबरच स्थानिक क्रमांकाच्या, म्हणजे एमएच-१३ च्या दुचाकी व मोटारी उभ्या असतील तर तिथे खुशाल थांबावे. दोन-तीन ढाबे सोडून ज्या ढाब्यावर गावातला माणूस मुद्दाम आला आहे, तिथे जेवणाखेरीज दुसरे आकर्षण सहसा नसते.

बसल्यावर गल्ल्यामागच्या भिंतीवर अन्न परवान्याचा चौदा अंकी क्रमांक पाहून घ्यावा. पहिला अंक १ असेल तर तो परवाना, २ असेल तर लहान व्यावसायिकाची नोंदणी. जानेवारी २०२२ पासून हा क्रमांक बिलावरही छापणे बंधनकारक आहे, म्हणून रात्री ‘मशीन बंद आहे’ म्हणून कागदाच्या चिठ्ठीवर हिशेब मिळाला तरी बिल मागावे. अन्न बाधले तर तक्रार करताना ते उपयोगी पडते. सुटे पैसेही जवळ ठेवावेत, कारण मध्यरात्री नेटवर्क किंवा बँकेचा सर्व्हर गेला की यूपीआयचे व्यवहार अडकून पडतात.

परतीची व्यवस्था जेवायला बसण्यापूर्वी करावी. शेअर रिक्षा रात्री मिळत नाहीत. जुळे सोलापूर किंवा होटगी रोडकडे जायचे असेल तर येण्या-जाण्याचे भाडे आणि थांबण्याची वेळ आधीच ठरवून एकच रिक्षा घ्यावी. चालकालाही जेवायला बोलवावे, बहुतेक वेळा तो चहावरच राजी होतो आणि वर पुढच्या खेपेसाठी एखादे चांगले ठिकाण सांगून जातो. स्त्रिया एकट्या किंवा मुलांसह असतील तर आडबाजूच्या ढाब्यापेक्षा स्थानक, एसटी स्टँड किंवा सिव्हिल हॉस्पिटलजवळची उजेडाची, वर्दळीची जागा निवडावी, चवीत थोडे कमी-जास्त झाले तरी चालेल.

दोन वाजून गेले असतील तर मात्र जेवणाचा हट्ट सोडावा. दोन ते साडेचार या वेळेत जे मिळते ते जवळजवळ सर्वच उरलेले असते, अपवाद चहा, बिस्किटे आणि उकडलेल्या अंड्यांचा. पाचच्या सुमारास एसटी स्टँड व स्थानकाजवळ पोह्यांची, उप्पिटाची पहिली कढई चढते आणि इडलीचा पहिला घाणा निघतो. साडेसहाच्या हुतात्माने पुण्याला जाणारे प्रवासी यायच्या आत तिथे पोहोचले तर बसायला जागाही मिळते.