एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी कायदा) खटल्यात कटाबद्दल शिक्षा झाल्यावर अपील कसं करावं

पुण्यातल्या शिवाजीनगरच्या विशेष न्यायालयाने एनडीपीएस कायद्याच्या कलम २९खाली, म्हणजे कटात सामील असल्याबद्दल शिक्षा दिली, की अपील मुंबई उच्च न्यायालयात जातं. ऑगस्ट २०२५पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू आहे, पण त्यात पुणे जिल्हा येत नाही. मुंबईच गाठावी लागते.

मुदत ६० दिवसांची. त्यातून निकालाचा दिवस आणि प्रमाणित नक्कल मिळायला लागलेले दिवस वगळतात. पण नकलेचे दिवस अर्ज दिल्यापासूनच मोजतात, म्हणून तो निकालाच्याच दिवशी द्या. कैदी येरवड्यात असेल तर कारागृहामार्फतही अपील पाठवता येतं. कोठडीतल्या माणसाला, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो.

आता खरं काम. चार आरोपींचं मिळून एकच साचेबद्ध अपील करणं ही नेहमीची चूक. मुद्देमाल एकाकडे सापडलेला असतो आणि कटाच्या नावाखाली त्याचं पूर्ण वजन चौघांच्या माथी बसतं. म्हणून प्रत्येकासाठी वेगळा तक्ता करा: याच्याकडे काय सापडलं, कोणत्या साक्षीदाराने याचं नाव घेतलं, कोणत्या पानावर. बऱ्याचदा दोनच गोष्टी उरतात, सहआरोपीचा जबाब आणि सीडीआर, म्हणजे फोन कॉलच्या नोंदी.

एनडीपीएसच्या कलम ६७खाली तपास अधिकाऱ्याने घेतलेला जबाब कबुलीजबाब म्हणून वापरता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये तोफान सिंग निकालात ठरवलं. पोलिसांपुढची कबुली तर आधीपासूनच बाद आहे. एका कटवाल्याचं बोलणं दुसऱ्याविरुद्ध वापरता येतं, पण ते कट चालू असतानाचं हवं. अटकेनंतरचं चालत नाही. सीडीआरसोबत जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५ब (आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३) चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र आहे का ते पाहा. असलं तरी फोन झाला एवढंच कळतं, बोलणं काय झालं ते नाही. एनडीपीएसच्या कलम ३५ (आरोपीचा गुन्हेगारी हेतू होता असं धरणं) आणि ५४ (माल ताब्यात असला की गुन्हा केला असं धरणं) ची गृहीतकं फार ताणली जातात. कलम ५४चं गृहीतक तर ताबा सिद्ध झाल्यावरच लागू होतं.

मुद्देमालाची साखळीही तपासा: पंचनाम्यातलं वजन, सील, मुद्देमाल नोंदवही, नमुना प्रयोगशाळेत पोचल्याची तारीख. कलम ५२अ (जप्त मालाची यादी आणि नमुने दंडाधिकाऱ्यांकडून प्रमाणित करून घेणं) पाळलं नाही एवढ्यावर सुटका होईलच असं नाही. साखळी नेमकी कुठे तुटली ते पान क्रमांकासह दाखवा.

शिक्षा कमी करा, एवढंच मागणार असाल तर आधी वजन बघा. मेफेड्रोन ५० ग्रॅम, चरस १ किलो, गांजा २० किलो ही व्यावसायिक मात्रेची सीमा. तिच्यापुढे किमान १० वर्षं आणि १ लाख दंड, आणि त्याखाली उच्च न्यायालयही जात नाही. शिक्षाच दहा वर्षांची झाली असेल तर कमी करून घेण्यासारखी राहते ती दंड न भरल्याबद्दलची जादा कैद. ती मागणी वेगळी लिहा. ती हमखास विसरली जाते.

शिक्षेला स्थगिती आणि जामिनाचा अर्ज अपीलासोबतच जोडा. शिक्षेच्या स्थगितीला मनाई करणारं कलम ३२अ आड येतं हा समज जुना आहे. २०००च्या दादू निकालानंतर न्यायालय स्थगिती देऊ शकतं. मात्र मात्रा व्यावसायिक असेल तर कलम ३७च्या अटी लागतात, म्हणजे आरोपी दोषी नसावा आणि जामिनावर असताना तो गुन्हा करणार नाही असं मानायला वाजवी कारण दाखवावं लागतं. वरचा तक्ता इथेच पहिल्यांदा उपयोगी पडतो. अर्ज फेटाळला गेला तर त्याच दिवशी अपीलाची सुनावणी लवकर घेण्याची विनंती करा.