मेंटेनन्समधून इलेक्ट्रिकल डिझाइनमध्ये येताय? 'चालतंय ना' हे उत्तर मागे ठेवून या

सात वर्षं प्लांट मेंटेनन्स केलं आणि मग डिझाइनला आलो. पहिले आठ महिने रोज संध्याकाळी एकच वाटायचं, परत जावं, तिथे निदान आपल्याला काम येतं. आज ज्यांना तसंच वाटतंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. एसएलडी (वीजमांडणीचा एकरेषीय नकाशा) वाचता येतो, स्टार-डेल्टा का लावतात ते माहितीय, रिले टेस्टिंगला हात लावलाय, एवढं धरून चालतो.

आधी कडू ते सांगतो. मेंटेनन्समधला तुमचा मान इथे येत नाही. तिथे रात्री दोनला तुमच्या फोनची वाट बघणारी माणसं होती, इथे तुमच्यापेक्षा सहा वर्षांनी लहान मुलगी तुमची शीट लाल करून परत पाठवते आणि बहुतेक वेळा तिचं बरोबर असतं. हे पचवता येणार नसेल तर खरंच येऊ नका.

आता माझी चूक, कारण मेंटेनन्सवाला हमखास इथेच अडकतो.

मला पहिलं स्वतंत्र काम मिळालं ते एका पंपाच्या फीडरचं, म्हणजे पॅनलपासून मोटरपर्यंतच्या पुरवठ्याचं. ३७ किलोवॅटची मोटर, ४१५ व्होल्ट, डीओएल, म्हणजे थेट पूर्ण व्होल्टेजवर सुरू होणारी. मी मनात म्हटलं हे तर रोजचं आहे, आमच्या जुन्या प्लांटला ह्याच रेटिंगच्या चार मोटरी २५ स्क्वेअरच्या (चौरस मिलिमीटरच्या) कॉपर केबलवर वर्षानुवर्षं चालल्या, एकही केबल तापली नाही की जळली नाही, म्हणून केबल शेड्यूलमध्ये (केबलच्या यादीत) २५ टाकली आणि पुढे गेलो. चेकरकडून, म्हणजे शीट तपासणाऱ्या त्या मुलीकडून, शीट परत आली, कडेला तीन शब्द: 'कॅल्क्युलेशन कुठे आहे?' मी जागेवर जाऊन सांगितलं, अहो चालतंय, मी स्वतः टाँग टेस्टर (करंट मोजायचा चिमटा) लावून बघितलंय. ती म्हणाली, तिथे चालतंय, इथे का चालेल ते दाखवा.

रात्री बसून गणित मांडलं. जुन्या प्लांटमध्ये पंप पॅनलपासून ६० मीटरवर होते. नवा पंप २८० मीटरवर. फुल लोड करंट साधारण ६५ अँपिअर. २५ स्क्वेअर कॉपरचा रेझिस्टन्स २० अंशांना ०.७२७ ओहम प्रति किलोमीटर, ९० अंशांना ०.९२७ च्या आसपास. ६० मीटरला ड्रॉप, म्हणजे केबलमध्येच पडणारं व्होल्टेज, येतो पावणेसहा व्होल्टच्या आत, म्हणजे १.४ टक्के. तीच मोटर, तीच केबल, २८० मीटरला २६ व्होल्ट, म्हणजे ६.४ टक्के. आणि स्टार्टिंगला सहापट करंट धरला तर नुसत्या केबलमध्येच १६ टक्क्यांच्या आसपास. टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात पडतो, म्हणजे मोटरकडे उरतो ७० टक्के. आमच्या डिझाइन बेसिसमध्ये (प्रोजेक्टसाठी ठरलेल्या नियमांत) ड्रॉपची मर्यादा होती रनिंगला ३ टक्के आणि स्टार्टिंगला १५. दोन्हीकडे नापास.

ह्यातली फसवी गोष्ट बघा. करंटच्या हिशोबात २५ पास होत होती. आयईसी ६०३६४-५-५२ ह्या आंतरराष्ट्रीय मानकात छिद्रांच्या ट्रेवरच्या २५ स्क्वेअर तीन कोर एक्सएलपीई (इन्सुलेशनचा एक प्रकार) कॉपरला १२७ अँपिअर दिलेत, पण ते ३० अंश तापमानाला आणि केबल एकटी असताना. ५० अंशांसाठी फॅक्टर ०.८२, ट्रेवर एका थरात नऊ केबल शेजारी शेजारी असतील तर ०.७२, गुणून उरतात ७५. ६५ पेक्षा जास्तच. म्हणजे डिरेटिंग (ही कपात) करूनसुद्धा तुम्हाला वाटेल झालं काम, आणि लांबी तुम्हाला मागून पकडेल. मेंटेनन्समध्ये लांबी आपल्या डोक्यातच नसते, कारण केबल आपण टाकलेली नसते, ती दोन्ही टोकांना फक्त दिसते. म्हणून परत सांगतो, जुन्या साइटवरचा आकडा नवीन शीटमध्ये उचलताना लांबी, ट्रेवरची गर्दी, तापमान, स्टार्टिंगची पद्धत, फॉल्ट लेव्हल (शॉर्ट सर्किटला येणारा करंट) ह्यातलं एक जरी वेगळं असेल तर तो आकडा तुमचा नाही. आणि एक तरी वेगळं असतंच.

पण घाबरू नका, ह्याच हिशोबात तुमचं साइटचं ज्ञान उपयोगी पडतं. ड्रॉइंगवर केबल एका थरात नीट झोपलेल्या असतात. प्रत्यक्षात दोन शटडाऊननंतर त्या ट्रेवर ढीग असतो हे तुम्ही बघितलंय, ऑफिसात बसलेल्याने नाही. ढीग धरला तर नऊ सर्किटना फॅक्टर ०.७२ नाही, ०.५० होतो, आणि ७५ चे ५२ होतात. हे मी मीटिंगमध्ये बोललो तेव्हा पहिल्यांदा लोकांनी माझ्याकडे वळून बघितलं.

दुसरं, एक्सेल शीटबद्दल. मित्र देतो, सीनियर देतो, सगळे देतात. सूत्र उघडून बघितल्याशिवाय वापरू नका. मला मिळालेल्या शीटमध्ये रेझिस्टन्स २० अंशांचा होता, आमच्या बेसिसमध्ये ९० चा धरायचा होता. त्या शीटने ५० स्क्वेअरला २.८ टक्के दाखवून पास केलं. हाताने केलं तर ३.५, नापास, आणि केबल गेली ७० वर. हिरवा रंग आला म्हणून मी ती जवळजवळ पाठवलीच होती.

सॉफ्टवेअर कोर्सबद्दल माझं मत स्पष्ट आहे, आधी हाताने वीस फीडर करा, मगच इटॅप (हीच गणितं करणारं सॉफ्टवेअर) शिका. कोर्सवाले बटणं शिकवतात. चुकीचा इनपुट टाकला तर सॉफ्टवेअर सुंदर रिपोर्ट देतं, एवढंच.

काही छोट्या गोष्टी पटकन सांगतो. मोटरच्या नेमप्लेटवरचे किलोवॅट शाफ्टचे असतात, लोड लिस्टमध्ये एफिशियन्सीने भागायचं, ३७ चे जवळपास ४० होतात. शॉर्ट सर्किटला केबल टिकते का हेही बघायचं, कॉपर एक्सएलपीईसाठी के हा स्थिरांक १४३ धरतात, म्हणजे २५ स्क्वेअर एका सेकंदाला साधारण साडेतीन हजार अँपिअर झेलते, त्यापुढे ब्रेकर किंवा फ्यूज किती लवकर तोडतो त्यावर सगळं. आणि लांब फीडरच्या टोकाला अर्थ फॉल्ट झाला तर करंट इतका कमी येऊ शकतो की ब्रेकरचं इन्स्टंटेनियस (तत्काळ तोडणारं) ट्रिप उचलतच नाही, हे नक्की तपासा, ह्यात माणसाचा जीव असतो.

मेंटॉर कसा असावा? 'छान चाललंय' म्हणणारा नको. लाल पेनवाला शोधा, आणि तो लाल का केलं ते एका ओळीत सांगणारा असेल तर त्याला सोडू नका. माझी चेकर तशी होती. तेव्हा राग यायचा, आता तिच्या मार्कअपच्या प्रिंट जपून ठेवल्यात.

अजून नोकरी बदलली नसेल तर आत्ताच्या प्लांटमध्येच सुरुवात करा. जुनी ड्रॉइंग साइटशी जुळत नसतात, एक एमसीसी (मोटरींचं कंट्रोल पॅनल) घ्या, फीडर फीडर फिरून अॅज-बिल्ट (प्रत्यक्षात आहे तसा) एसएलडी आणि केबल शेड्यूल स्वतः बनवा, मग प्रत्येक केबलचं गणित करून बघा की टाकणाऱ्याने ती का टाकली असेल. दोन-तीन महिने लागतील, ड्युटी सांभाळून दमायला होईल. इंटरव्ह्यूला मी तेच घेऊन गेलो होतो आणि प्रश्न जवळपास सगळे त्यावरच आले. वय तीस-बत्तीस झालं म्हणून उशीर झाला असं अजिबात नाही, मी त्याच वयात आलो.

त्या पंपाचं राहिलं. केबल ७० स्क्वेअर ठरली, सगळे खूश, शीट इश्यू व्हायला निघाली. मी थांबवली. ह्या साइझच्या मोटरच्या टर्मिनल बॉक्समध्ये जाड केबलचे लग (टोकाला दाबायचे धातूचे जोड) बसवताना मी शटडाऊनमध्ये बोटं सोलून घेतलीयेत, कोर वाकत नाही, झाकण लागत नाही, शेवटी कुणीतरी चार तारा कापून लग दाबतो आणि तिथेच गरम होतं. मोटरच्या डेटाशीटमध्ये केबल साइझ लिहून मोठा टर्मिनल बॉक्स आणि त्या मापाची ग्लँड (केबल बॉक्सला घट्ट धरणारा भाग) मागवायला सांगितलं. चेकरने ती ओळ वाचली, काहीच लाल केलं नाही, आणि विचारलं की बाकीच्या अकरा मोटरींचं पण बघशील का.